त्या रात्री मी जागा होतो

माझ्या गोष्टीत आधी पितळी लोटी पडते. मांडणीच्या वरच्या फळीवर, डाव्या कोपऱ्यात ठेवलेली, आजीची. ती पडते, फरशीवर गोल फिरत राहते आणि तिचा आवाज थांबायच्या आत खालच्या फळीवरची ताटं एकमेकांवर वाजायला लागतात. आई अंधारातच म्हणते, "मांजर असंल." बाबा उठून बसतात आणि म्हणतात, "मांजर नाही, कोयना आहे." मी जागाच असतो. तासाभरापूर्वीच गणपती बुडवून, लेझीम खेळून आलेलो असतो, पोटऱ्या ठणकत असतात, कानामागं गुलाल असतो. मी ताईचा हात धरून तिला ओढत उंबरा ओलांडतो. बोळात सगळे उभे. बनियनवरचे काका, डोक्यावरून चादर घेतलेल्या काकू, कुणाच्या हातात तान्हं मूल, कुणाच्या हातात घड्याळ. वर चांदणं पडलेलं. आणि सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी बाबांच्या मर्फी रेडिओवर प्रादेशिक बातम्यांत एक नाव येतं, जे तोवर मी कधी ऐकलेलं नसतं. किल्लारी.

ही माझी किल्लारीच्या भूकंपाची गोष्ट. 30 सप्टेंबर 1993, पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटं, मुक्काम सोलापूर, इयत्ता पाचवी. गेली तीस वर्षं मी ती सांगत आलोय. पुण्यात नोकरीला आल्यावर तर तिला चांगले दिवस आले. ऑफिसात दुपारी डबे उघडले की कधीतरी कुणीतरी विषय काढतंच. सव्वीस अकराच्या रात्री तू कुठं होतास? सव्वीस जुलैच्या पावसात? मग एक जण बारा मार्चला शेअर बाजाराच्या इमारतीपासून दोन गल्ल्या सोडून होता, एक बाई मिठी नदीच्या पाण्यातून कंबरभर चालत घरी गेलेल्या. वयस्कर असतील तर इंदिराबाई गेल्या तो दिवस. शाळा कशी लवकर सोडली, रेडिओवर नुसतंच रडकं संगीत कसं चालू होतं, संध्याकाळपर्यंत कुणी नीट सांगेना. प्रत्येकाची पाळी येते आणि माझी पाळी आली की मी लोटी पाडतो. गोष्ट चांगली होती. कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली आणायचा, सगळं बसलेलं होतं.

अक्कामावशी गेली तेव्हा तिच्या कपाटात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा निघाला. रेशनकार्डाची झेरॉक्स, कुणाच्या तरी मुंजीची पत्रिका, आणि पत्रं. आईनं लिहिलेली पंधरा-वीस आंतरदेशीय पत्रं. ताईनं त्यातल्या एकाचा फोटो काढून मला व्हॉट्सॲपवर पाठवला. वर काही लिहिलं नाही, खाली फक्त एक शब्द: वाच.

तारीख 4-10-93. आईचं अक्षर, उजवीकडं उतरत जाणारं.

"ती. सौ. अक्कास शि. सा. न. वि. वि. आम्ही सर्व सुखरूप आहोत, काळजी करू नये. भिंतीला चीर गेली आहे पण घरमालक म्हणतात जुनीच आहे. अजून सगळे रात्री बोळातच झोपतो. धाकट्याला गालगुंड आहे. चतुर्दशीला मिरवणुकीला सोडलं नाही म्हणून दिवसभर रडला व संध्याकाळीच झोपला. रात्री हादरा बसला तेव्हा ह्यांनी त्याला झोपेतच उचलून बाहेर आणलं तरी उठला नाही. सकाळी उठल्यावर विचारतो, आपण रस्त्यावर का झोपलोय?"

मी ते फोनवर मोठं करून वाचलं. मग परत वाचलं. धाकटा म्हणजे मीच, तिसरा कुणी नाही.

रात्री ताईला फोन केला. म्हटलं, आईचं काहीतरी चुकलं असेल, लेझीम मला लख्ख आठवतंय. ती हसली. "अरे लेझीम पुढच्या वर्षी. तू सहावीत होतास. फोटो आहे की." मग म्हटलं, आणि लोटी? "लोटी माझी आहे. मी पाणी प्यायला उठले होते, माझ्या डोळ्यांदेखत पडली. तू माझी लोटी चोरलीस." म्हटलं, मी तुला हात धरून ओढलं. त्यावर ती काही बोललीच नाही, नुसती हसत राहिली. तिच्या हसण्यावरून कळलं की ही गोष्ट मी तिच्यासमोरही सांगितलेली होती, तीही पुष्कळदा, आणि तिनं चारचौघांत मला कधी अडवलं नव्हतं.

अमेरिकेत उल्रिक नाइसर नावाचे एक मानसशास्त्रज्ञ होऊन गेले. पर्ल हार्बरवर हल्ला झाल्याची बातमी त्यांनी लहानपणी घरच्या रेडिओवर ऐकली होती. बेसबॉलचा सामना चालू होता, तो मध्येच थांबवून बातमी दिली, असं त्यांना स्वच्छ आठवायचं. कित्येक वर्षांनी त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला की हल्ला डिसेंबरातला, आणि डिसेंबरात बेसबॉल खेळतच नाहीत. 28 जानेवारी 1986 ला चॅलेंजर यान आकाशात फुटलं, तेव्हा या नाइसरांनी दुसऱ्याच दिवशी आपल्या विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं की बातमी कळली तेव्हा तुम्ही कुठं होता, कुणी सांगितलं, काय करत होता. अडीच-तीन वर्षांनी त्यांतल्या चव्वेचाळीस जणांना तेच प्रश्न पुन्हा विचारले. एक चतुर्थांश मुलांचं सगळंच्या सगळं चुकलं. चुकलं ते चुकलं, पण ठामपणे चुकलं. स्वतःच्या अक्षरातला जुना कागद समोर ठेवला तरी कुणाची मूळ आठवण परत आली नाही. नवी होती तीच राहिली. हे वाचून मला बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. माझ्या बाबतीत तर कागदही माझा नव्हता, आईचा होता.

आता या गोष्टीतलं काय उरतं ते बघत बसलोय. चांदणं खरं असणार, कारण अनंत चतुर्दशीची रात्र, पौर्णिमा लागूनच आलेली. पण ते मी पाहिलेलं कशावरून? पंचांग बघूनही कुणी सांगेल. बाबांचं "कोयना" खरं आहे, ताईनंही ते ऐकलंय. ते साहजिक होतं. 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा भूकंप बाबांनी विशीत अनुभवलेला, तोही पहाटेचाच, आणि त्या पिढीला महाराष्ट्रात जमीन हलली की कोयनाच सुचायची. एकट्या बाबांना नाही. तेव्हाचे मुख्यमंत्री शरद पवार यांनी सांगितलंय की राज्यभरातली विसर्जनं पार पडेपर्यंत ते मुंबईत जागे होते, खिडक्या हादरल्या तेव्हा त्यांनीही आधी कोयनेला फोन लावला. केंद्र लातूरकडं आहे हे तिथून कळलं. लातूर-उस्मानाबादकडं भूकंप होतो हे कुणाच्या गावीच नव्हतं. दख्खनचं पठार म्हणजे काळा कातळ, तो कशाला हलेल, असं भूगोलाच्या बाईही सांगायच्या. सरकारी नकाशात तो भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. पुढं 2002 साली नकाशा बदलला आणि तो सगळ्यात खालचा पट्टाच काढून टाकला.

तसं जमिनीनं आधी सांगून ठेवलं होतं. 1992 च्या ऑक्टोबरात किल्लारीच्या आसपास हादरे बसले, जमिनीतून गडगडल्यासारखे आवाज आले, माणसं घाबरून बाहेर झोपायला लागली. मग हादरे कमी झाले. थंडी वाढली, माणसं पुन्हा घरात गेली. जाणारच.

आणि घरं कशी, तर दगडाची. तेरणाकाठच्या त्या गावांमधली घरं मी नंतर पाहिली, म्हणजे त्यातली पडायची राहिलेली दोन-चार. भिंत दोन-अडीच फूट जाड, आत-बाहेर ओबडधोबड दगड आणि मध्ये माती. चुना नाही, सिमेंट नाही. वर माळवद. लाकडी खांब, तुळया, फळ्या आणि त्यावर हात-दोन हात माती. पावसाळ्याआधी गळू नये म्हणून दरवर्षी वर पांढऱ्या मातीचा नवा थर द्यायचा. बाप देतो, मग मुलगा देतो, माळवद जड होत जातं. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात त्या घरासारखं सुख नाही, दुपारी बारा वाजता आत गेलं की माठात शिरल्यासारखं वाटतं. त्या पहाटे भूकंप सहाच्या थोडा वरचा होता, 6.2 म्हणा किंवा 6.4, मोजणारे वेगवेगळं सांगतात. जगात असे भूकंप होत असतात आणि सगळीकडं इतकी माणसं मरत नाहीत. इथं हादऱ्याचा उगम फार खोल नव्हता, वेळ झोपेची होती, आणि वर माती होती. गेलेल्यांचा आकडा आठ हजार ते दहा हजार असा कुठंतरी आहे. बावन्न गावं जागेवरून उठवून दुसरीकडं वसवावी लागली. कित्येक घरांत भिंती बसल्या तरी लाकडी खांब तसेच उभे होते म्हणतात.

आमच्या बोळात एक भाकरीवाली मावशी होती. अजून आहे. सोलापूरची कडक भाकरी आता प्लास्टिकच्या पिशवीतून पुण्या-मुंबईच्या मॉलमध्ये जाते, पण तेव्हा ती बोळाबोळातली गोष्ट होती. पहाटे साडेतीनला मावशीची चूल पेटायची. लाकडी काटवटीत पीठ मळताना तळहाताच्या टाचेनं ते असं रगडायची की काटवट जमिनीवरून सरकायची. भाकरी थापताना मात्र हात हलका, थपथप असा एकाच तालात, मध्ये दोन ठोके चुकवून भाकरी फिरवायची. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात. मग आरासमोर उभी करून ठेवायची, ओल गेली की ती पापडासारखी वाजते. परगावी जाणारे लोक घेऊन जात, शेंगाच्या चटणीबरोबर महिनाभर टिकते. मावशीचं माहेर सास्तूरच्या बाजूला, भूकंपाच्या त्याच पट्ट्यात.

त्या दिवशी दहाच्या सुमारास ती गेली. हैदराबाद रोडला उभी राहिली, मिळेल त्या ट्रकमध्ये चढली. उमरग्यापर्यंत एक ट्रक, पुढं दुसरा. हे आईच्या पत्रात आहे. पत्रात पुढं असंही आहे की मावशीच्या चुलीवर मग बोळातल्या बायका बसल्या. कुणाला तिच्यासारखी कडक भाकरी जमेना. पिठाचं पोतं ज्यानं दिलं त्यानं नाव सांगितलं नाही. भाकऱ्या वर्तमानपत्रात गुंडाळून रोज एका गाडीतून जात. हे मला अंधुक आठवत होतं, पण माझ्या गोष्टीत ते कधी आलं नव्हतं. भाकऱ्या मोजायचं काम माझ्याकडं होतं म्हणे. सुजलेल्या गालाला स्कार्फ बांधून, पाचाचे गठ्ठे. माझ्या लेझीमपेक्षा हे किती बरं होतं! पण त्यात मी उडी मारत नाही, कुणाला वाचवत नाही, म्हणून ते गळून गेलं असणार.

मावशी आठ दिवसांनी आली. अंगावर जाताना होतं तेच लुगडं. तिनं काय सांगितलं ते मला तेव्हाचं आठवत नाही, आणि आठवलं तरी आता मी त्यावर विश्वास ठेवणार नाही. पण ती ते इतक्या वेळा सांगत आलीय की तिच्याच तोंडून मोठेपणी ऐकलेलं पक्कं आहे. ती कधीच सांगत नाही की हादरा बसला तेव्हा ती कुठं होती, लोटी पडली की तवा पडला. ती सांगते कोण कुठं झोपलं होतं. "पोरं अंगणात. म्हातारी बाजंवर, दारातच. वहिनी आत, चुलीपाशी, तान्ही घेऊन. आन् आण्णा." इथं ती थांबते. आण्णा म्हणजे तिचा थोरला भाऊ. तो रोज अंगणातच झोपायचा. त्या रात्री गणपती बुडवून उशिरा आला, पोरं आडवीतिडवी पसरलेली, एकही बाज रिकामी नाही, निजलेल्या पोराला कोण उठवणार. म्हणून आत जाऊन टेकला. पोरं राहिली. म्हातारी राहिली.

आमच्याकडची गोष्ट "मी" पासून सुरू होते. मावशीच्या गोष्टीत "मी" येतच नाही, फक्त घराचा नकाशा येतो. पुढं त्या भागातल्या आणखी दोघा-तिघांशी बोललो, एक एसटीत कंडक्टर होते, एक आमच्याच ऑफिसात हिशोबाला. त्यांचंही तसंच. कोण डाव्या खणात, कोण उजव्या. कोण त्या दिवशी परगावी गेलेलं, कोण एक दिवस आधी माहेरपणाला आलेली. हिशोबाच्या माणसानं तर टिश्यू पेपरवर पेनानं घर काढून दाखवलं होतं, दार, ओसरी, माजघर, आणि फुल्या. डबे खाऊन झाले होते. त्याच्या आधी मी माझी लोटीची गोष्ट सांगून झालो होतो, हे आठवलं की अजून कानशिलं तापतात.

एक गोष्ट मला उशिरा उमगली. किल्लारीत स्मृतिस्तंभ आहे, दरवर्षी 30 सप्टेंबरला तिथं श्रद्धांजली वाहतात, पेपरात फोटो येतो. मावशीला 30 सप्टेंबर माहीत नाही. म्हणजे माहीत आहे, पण ती मानत नाही. तिच्या लेखी आण्णा चतुर्दशीला गेला. भटजी म्हणाले, बाई, पहाटे पौर्णिमा लागली होती. ती म्हणाली, उजाडलं नव्हतं, उजाडलं नाही तोवर आदलाच दिवस. त्यामुळं सबंध सोलापूर ज्या दिवशी लेझमाच्या तालावर रस्त्यावर असतं, त्या दिवशी मावशीची चूल बंद असते. लहानपणी आम्हाला वाटायचं, गणपतीची सुट्टी घेते.

गेल्या वर्षी चतुर्दशीला मी सोलापुरात होतो. मिरवणूक बघायला म्हणून गेलो होतो खरं तर. बोळ आता निम्मा पडलाय, आमच्या जुन्या वाड्याच्या जागी चार मजले उभे राहिलेत, पण मावशीची खोली तशीच आहे. ती दारात बसली होती. मुख्य रस्त्यावरून ढोलांचा आवाज येत होता, हल्ली लेझमापेक्षा तोच जास्त. मी शेजारी पायरीवर बसलो. बरंच इकडचं तिकडचं बोललो, तिच्या गुडघ्याचं, माझ्या मुलीच्या शाळेचं. मग आईच्या पत्राचं सांगितलं. तिला वाचता येत नाही, म्हणून मी फोन काढून ते वाचून दाखवलं. भाकऱ्यांचं आलं तिथं ती म्हणाली, "तुझ्या आईला कधी जमलीच नाही रे भाकरी. मधी जाड करायची."

मग मी विचारलं. इतक्या वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं बहुतेक. "मावशी, हादरा बसला तेव्हा तुम्ही कुठं होता?"

"मी? इथंच की. चुलीम्होरं. कुठं असणार?"

"मग काय केलं?"

"काय करणार? उठून दारात आले. समदे भायेर येत हुते." ती माझ्याकडं बघून हसली, आणि हाताच्या पंजानं स्वतःचा गाल दाबून फुगवून दाखवला. "तुझा बाप आला तुला खांद्यावर टाकून. ह्यो गाल एवढा. एक पाय लोंबकळत हुता, माझ्या दाराला घासला तुझा पाय. तरी उठला न्हाईस. मी म्हनलं, हिथं निजवा, हिथं ऊब हाय."